सोपविलेली शुश्रूषा आणि रुग्णाचा होकार

घरात कोणी अंथरुणास खिळले म्हणजे त्याची सेवा कोणी करावयाची, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. ते काम सुनेकडे, लेकीकडे किंवा बहिणीकडे आपोआप येते. इस्पितळातही तसेच घडते. डॉक्टर सांगतात, मोठ्या परिचारिका ते धाकट्या परिचारिकेला सांगतात, ती आयाला सांगते, आणि आया दाराशी बसलेल्या नातेवाइकाला म्हणते, "बाई, एवढे तुम्हीच करा." औषधाचा हुकूम निघाल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत काम अशा चार हातांतून जाते. या चार हातांत चूक झाली तर उत्तर कोणी द्यावयाचे? आणि ज्याच्या देहावर हे सारे चालले आहे, त्याला कोणी विचारले का? दिसावयास हे दोन प्रश्न वेगळे आहेत, पण गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा रुग्णसेवेचा इतिहास पाहिला तर ते एकाच दोऱ्यात ओवलेले दिसतात. भगिनींनो, या कामाचा मोठा भार स्त्रियांनीच वाहिला असल्यामुळे हा इतिहास आपल्या घरचाच आहे.

आधुनिक शुश्रूषेची गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून सांगण्याची रीत आहे. १८५४ साली ३८ स्त्रिया बरोबर घेऊन त्या तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, आणि हाती दिवा घेतलेल्या सेवामूर्तीचे त्यांचे चित्र जगभर पसरले. परंतु त्यांची खरी थोरवी दिव्यापेक्षा व्यवस्थेत होती. १८५९ च्या अखेरीस त्यांचे शुश्रूषेवरील छोटे पुस्तक निघाले. त्यात हवा आणि घराची स्वच्छता यांच्या पाठोपाठ तिसरेच प्रकरण किरकोळ कारभारावर आहे. त्याचा भावार्थ असा की, तुम्ही स्वतः हजर असताना काम चांगले होते यात विशेष काही नाही. तुम्ही नसताना ते तसेच होते का, हे पाहणे म्हणजे कारभार. सर्व काही आपल्याच हातांनी करणारी बाई चांगली कारभारीण ठरतेच असे नाही. आपण दूर असताना कोणते काम कोण करील आणि ते झाले हे कसे कळेल, याची सोय जी लावते ती खरी कारभारीण.

त्याच पुस्तकात रुग्णाच्या मनाचाही विचार आहे. आपण बाहेर केव्हा जाणार आणि केव्हा परतणार हे रोग्याला आधी सांगावे, कारण वाट पाहणे आणि अनिश्चितता यांचा त्रास त्याला श्रमाहून अधिक होतो. त्याच्या खोलीच्या दाराशी उभे राहून त्याच्याविषयी कुजबुजू नये. "काही नाही, लवकर बरे व्हाल" असा पोकळ धीर देऊ नये. 'रुग्णाचा अधिकार' हा शब्द त्या काळी रूढ नव्हता, पण रोगी म्हणजे सामानाची वळकटी नव्हे, त्याला कळते आणि त्याला कळविले पाहिजे, ही जाणीव तेथे आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली आणि ही शिस्त पुढे देशोदेशी गेली.

ही जाणीव बाजूला ठेवून नुसता हुकूम चालविला म्हणजे काय होते, याचा कटू धडा पुढे पुण्याला मिळाला. १८९६ साली मुंबईत आलेली प्लेगची साथ लवकरच पुण्यास पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारी अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. रोगी सापडला की त्याची रवानगी प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांची छावणीत होई. साथ आटोक्यात आणणे हा हेतू काही वाईट नव्हता. पण रोगी शोधण्याचे नाजूक काम ज्यांच्यावर सोपविले, त्या शिपायांना ना आपली भाषा येत होती, ना शुश्रूषेचा गंध होता. स्त्रियांची तपासणी हा तर संतापाचा सर्वांत मोठा विषय झाला.

त्या वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्राला लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळातील व्यवस्थेविषयी जाहीर तक्रार केली. आपल्या आश्रयास असलेल्या एका मुलीचा दाखला देऊन, तेथे स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही असे त्यांनी म्हटले. सरकारने आरोप नाकारला. परंतु इस्पितळात गेलेल्या बाईच्या वतीने एका बाईने उघडपणे जाब विचारला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे २२ जून रोजी रँडसाहेबावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो सारा इतिहास आपण जाणतोच. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारनेही सक्तीचे धोरण बरेच सैल केले, कारण सक्तीने लोक रोगी लपवितात, हा अनुभव आला होता. रोग्याला न विचारता केलेल्या उपचाराचा उपचारालाही फायदा होत नाही, हे त्या साथीने दाखविले.

त्याच साथीत सेवेचे दुसरे रूपही पुण्याने पाहिले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. तीत त्यांना स्वतःलाच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घरे तीच आणि रोगही तोच, पण शिपाई दाराशी आला की घर दडून बसे, आणि ओळखीच्या बाईच्या हातात रोगी विश्वासाने दिला जाई. काम कोणाच्या हाती सोपविले यावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

पुढचा प्रश्न असा होता की, असे विश्वासाचे हात शिकून तयार कसे व्हावेत? २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ते काम हाती घेतले आणि विधवा व गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची वाट काढली. आज हे वाचताना त्यातला पराक्रम चटकन जाणवत नाही. परक्या माणसाच्या देहाला स्पर्श करावयाचा, जातपात न पाहता मळमूत्र काढावयाचे, रात्रपाळी करावयाची आणि त्याचा पगार घ्यावयाचा, ही गोष्ट त्या काळच्या चांगल्या घरांना सोसणारी नव्हती. घरात हेच काम बिनबोभाट करणारी बाई इस्पितळात गेली की लोकांच्या भुवया वर जात. सेवासदनाने त्या कामाला शिक्षण, गणवेश आणि प्रतिष्ठा दिली. याचा दुसरा लाभ रोगी स्त्रियांना झाला. पुरुष डॉक्टरपुढे तोंड न उघडणारी बाई आपल्याच बोलीत बोलणाऱ्या परिचारिकेला आपले दुखणे सांगू लागली. दुखणे सांगता येणे ही रुग्णाच्या अधिकाराची पहिली पायरी होय.

परंतु अशा शिकलेल्या परिचारिका होत्या किती? १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्याप्रमाणे त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. १९४७ मध्ये परिचारिकांच्या शिक्षणाला एकसारखे वळण लावण्यासाठी भारतीय नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. पण पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिका खेडोपाडी पोचण्यास किती पिढ्या लागतील याचा हिशेब कोणालाही करता येत होता. म्हणून १९५० नंतर कमी मुदतीचे शिक्षण देऊन सहाय्यक परिचारिका-प्रसाविका तयार करण्यास सुरुवात झाली. आपण त्यांना 'नर्सबाई' म्हणून ओळखतो. परिचारिकेच्या कामातील काही भाग तोडून थोड्या शिक्षणाच्या हाती देण्याची ही सरकारी पद्धत येथून पक्की झाली.

ह्या पद्धतीची खरी परीक्षा नगर जिल्ह्यातील जामखेड येथे झाली. (या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात.) १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून पाहिल्या. पण परगावची एकटी तरुण मुलगी गावात सुरक्षित राहीना, आणि गाव तिचे ऐकेना. तेव्हा गावानेच निवडलेल्या गावच्याच बाईला शिकवावे, असा विचार पुढे आला. या बायकांपैकी पुष्कळ निरक्षर होत्या आणि कित्येक दलित समाजातील होत्या. त्या नेमाने जामखेडला येऊन शिकत, शिकलेले गावात जाऊन करीत आणि अडचण आली की पुन्हा विचारीत. डॉक्टर-परिचारिकांचे फिरते पथक गावात जाऊन त्यांचे काम पाही. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, अशी कामे त्या करू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम एकदा सोपवून त्यांनी पाठ फिरविली नाही. त्यांचे शिकविणे अखेरपर्यंत थांबले नाही, हे जामखेडच्या यशाचे मर्म आहे.

याच वाटेने पुढचे धाडसी पाऊल गडचिरोलीत पडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था काढली. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे कशी वाचवावीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. इस्पितळ दूर, रस्ते वाईट, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडावयाचे नाही ही रूढी. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना तयार केले. या आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला ऊब कशी द्यावी हे आईला दाखवीत, न रडणाऱ्या बाळाला श्वास देत, आणि जंतुदोषाची ठरविलेली लक्षणे दिसली तर तोंडाने औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत.

खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकड्यांनी आले. त्या गावांत हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात ६२ बाळे दगावत असत, ते प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या गावांत ते जवळजवळ होते तसेच राहिले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, उपचार सुरू झाल्यावर शेकडा २.८.

या आकड्यांइतकीच महत्त्वाची एक गोष्ट वाचताना सहज निसटते. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आरोग्यदूत आईबापांना बाळ इस्पितळात नेण्याचा सल्ला देई. नेणे जमत नसेल तर घरी काय उपचार करता येईल हे सांगे आणि त्यांची लेखी संमती घेई. झोपडीत राहणाऱ्या आईलाही "तुमची काय इच्छा आहे?" असे विचारले जात होते. १८९७ च्या पुण्यातील शिपाई आणि १९९५ च्या गडचिरोलीतील आरोग्यदूत, दोघांचेही काम कोणीतरी वरून सोपविलेले होते. दोघांमध्ये अंतर होते ते या प्रश्नाचे.

आता याच काळातील, पण शहरातील एक घटना पाहू. दिल्लीच्या बाजूच्या एका खाजगी इस्पितळात विषमज्वराने आजारी असलेले एक बालक दाखल होते. जे इंजेक्शन डॉक्टरने स्वतः द्यावयाचे, ते पुरेशी पात्रता नसलेल्या नर्सकडे सोपविले गेले. औषध चुकीचे टोचले गेले, मुलाचे हृदय थांबले, आणि प्राण वाचले तरी मेंदू कायमचा अधू झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने इस्पितळाला जबाबदार धरले. मुलासाठी साडेबारा लाख आणि मनस्तापाबद्दल आईबापांना पाच लाख रुपये भरपाई कायम केली. काम सोपविणाऱ्या डॉक्टरलाही हात झटकता आले नाहीत.

हे दोन दाखले शेजारी ठेवून पाहावेत. गडचिरोलीच्या बाईपाशी पदवी नव्हती. पण तिला ते एक काम पक्के शिकविलेले होते, कोणत्या लक्षणावर काय करावयाचे हे ठरलेले होते, आणि तिच्या कामावर नजर होती. शहरातल्या इस्पितळात इमारत, औषधे, डॉक्टर सारे होते, पण सोपविताना 'हिला हे येते का?' एवढे कोणी पाहिले नाही. म्हणून दोष काम खाली सोपविण्यात नसतो. सोपविणे आणि ढकलणे यात फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत रोगी भरतो.

रुग्णाच्या होकाराविषयी कायदाही हळूहळू स्पष्ट झाला आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे ठरविले, आणि सामान्य माणसाला दाद मागण्याची जागा मिळाली. १६ जानेवारी २००८ रोजी एका स्त्रीच्या खटल्याचा निकाल लागला. तिने केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, प्रौढ आणि समर्थ रुग्णाच्या बाबतीत तिचीच संमती हवी. जिवाला तत्काळ धोका नसताना दुसऱ्याच्या सहीवर तिचे अवयव काढता येत नाहीत, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. भगिनींनो, आपल्याकडे बायकांच्या ऑपरेशनचा कागद सही करण्यास सरळ नवऱ्याच्या हाती देण्याची सवय आहे. म्हणून हा निकाल प्रत्येकीने ध्यानात ठेवावा.

२०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या सतरा हक्कांची सनद तयार केली. आजाराची माहिती मिळणे, कागदपत्रांच्या नकला मिळणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री जवळ असणे, आपल्यावर कोण उपचार करीत आहे त्याचे नाव व हुद्दा कळणे, बिलासाठी रोग्याला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे, अशा गोष्टी तीत आहेत. महाराष्ट्रातही २०२१ च्या सुधारित नियमांनी खाजगी शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पण भिंतीवरचा फलक वाचणारे डोळे हवेत. पंडिता रमाबाईंनी लिहिले तेव्हा असा फलक नव्हता. आज फलक आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या बाया हव्या आहेत.

हक्क जसा रोग्याला, तसा सेवा करणारीलाही असतो. गडचिरोलीची पद्धत २०११ पासून सरकारने देशभर आशा सेविकांवर सोपविली. इस्पितळात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी आणि घरी जन्मलेल्याच्या सात, असा नेम ठरला. आशांची योजना २००५ ची. त्यांना पगार नव्हे तर कामागणिक मोबदला, असे तत्त्व होते. कोविडच्या साथीत त्या दारोदार फिरल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव उचितच आहे, पण काम वरून खाली सोपविताना मोबदला मात्र वरच राहणार असेल, तर ते सोपविणे न्यायाचे म्हणता येत नाही.

शेवटी हे सारे आपल्या गल्लीपर्यंत आणू. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी सासूबाईंसाठी किंवा वडिलांसाठी बाई ठेवलेली असते. अमेरिकेतील परिचारिका मंडळांनी १९९० च्या दशकात काम सोपविताना पाहण्याच्या पाच गोष्टी सांगितल्या. आपल्या भाषेत त्या अशा: हे काम सोपविण्याजोगे आहे का? आज रोग्याची प्रकृती त्याला योग्य आहे का? जिला सोपविते तिला ते येते का? तिला नीट सांगितले का? आणि झाल्यावर मी पाहणार आहे का? कूस बदलणे, अंग पुसणे, जेवण भरविणे ही कामे शिकवून सोपविता येतात. इन्सुलिनची मात्रा कमी-जास्त करणे, नळीतून अन्न देणे किंवा जखमेची पट्टी बदलणे ही कामे "तूच बघ" म्हणून टाकता येत नाहीत. ती आधी डॉक्टर किंवा परिचारिकेकडून शिकावयास हवीत.

या पाचांत आपण सहावा प्रश्न जोडावा. तो बाईला विचारावयाचा नाही, अंथरुणावरच्या माणसाला विचारावयाचा आहे. "आजी, या बाईंनी अंघोळ घातली तर चालेल ना?" किंवा "बाबा, डॉक्टर असे म्हणतात, तुम्हांला काय वाटते?" इतके साधे विचारणे आहे ते. त्याला पैसा लागत नाही आणि कायद्याचे पुस्तकही लागत नाही. मंडळाच्या बैठकीत एखाद्या अनुभवी परिचारिकेला बोलावून घरगुती शुश्रूषेचे चार धडे घ्यावेत आणि रुग्णहक्कांची सनद एकदा मोठ्याने वाचावी. तेवढे या वर्षी झाले तरी वर्धापनदिनाचे सार्थक होईल.